कॉलर माईक घेताना

गेल्या अंकात या सदरात मोबाइलच्या स्टँडविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत स्टँडविषयी थोडं आणि आवाजाविषयीच जास्त होतं. कुणी भगिनी शिवणकाम शिकवते, कुणी घरचे पदार्थ दाखवते, एक निवृत्त गुरुजी गणिताचे पाठ घेतात. सगळ्यांची तक्रार एकच. चित्र छान येतं, पण बोललेलं नीट कळत नाही. मग प्रश्न : चांगला, प्रोफेशनल कॉलर माईक कोणता घ्यावा?

हाच प्रश्न घेऊन मागच्या महिन्यात माझी भाची माझ्याकडे आली होती. तिच्यासाठी माईक घ्यायला आम्ही बरीच पायपीट केली. तीच हकिकत सांगतो, म्हणजे पत्रांची उत्तरं त्यातच येतील.

भाची तालुक्याच्या गावी राहते. बी.एस्सी., बी.एड. आहे. सकाळी शाळेत शिकवते आणि दुपारी घरी, तिच्या खोलीतल्या फळ्यासमोर उभी राहून दहावीचं विज्ञान मराठीतून शिकवते आणि मोबाइलवर रेकॉर्ड करते. ते पाठ पाहणाऱ्या पाचपंचवीस मुली आहेत. त्यांतल्या काहींची शाळा मध्येच सुटली आणि आता त्या १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसताहेत. त्यांना शिकवणी परवडत नाही. घरातला मोबाइल त्यांच्या हाती पडतो तो रात्री, सगळे झोपल्यावर. मग आवाज बारीक ठेवून ऐकायचं.

त्यांतल्या एका मुलीनं सराव परीक्षेत ‘प्रकाशाचे अपवर्तन’ या धड्यावरच्या प्रश्नात सगळीकडे ‘परावर्तन’ लिहिलं. व्याख्या अपवर्तनाची, काचेच्या चिपेची आकृतीही बरोबर, आणि शब्द मात्र परावर्तन. भाचीनं विचारलं तर मुलगी म्हणाली, “ताई, व्हिडिओत तुम्ही तेच म्हणालात.” भाचीनं स्वतःचा पाठ रात्री बारीक आवाजात लावून ऐकला. पहिला ‘अ’ पंख्याच्या घरघरीत गेलेला, पुढचं नुसतं ‘...वर्तन’. मुलीची चूक नव्हती.

“मामू, बारा हजार साठवलेत,” भाची म्हणाली. “प्रोफेशनल माईक घेऊन द्या. परत असं व्हायला नको.”

बारा हजार म्हणजे तिच्या शिकवण्यांची वर्षभराची शिल्लक होती. म्हणून मी लगेच नाव सांगितलं नाही. आधी तिच्या खोलीत जाऊन बसलो.

मोबाइल फळ्यापासून सहा-सात फुटांवर स्टँडला लावलेला. वर पंखा. छत पत्र्याचं. एका भिंतीला लोखंडी कपाट, बाकी भिंती उघड्या. मी तिला जागेवर उभं करून एक मिनिट बोलायला लावलं. मग तिला खुर्चीवर बसवून मोबाइल तिच्या हनुवटीपासून एक वीत खाली, हातात धरून तेच बोलायला सांगितलं. मोबाइल तोच, माईक तोच, पंखाही चालू. दुसऱ्या वेळी शब्द न् शब्द सुटा ऐकू आला. ती चकित झाली. “मग माझ्या मोबाइलचा माईक खराब नाही?”

नाहीच. वाचकहो, आवाजाच्या बाबतीत पहिली गोष्ट अंतर. माईकची किंमत त्यानंतर येते. अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारी आवाजाची ताकद चौथ्या भागावर येते. एका वितीवरून माईक आठ वितींवर नेला, तर उघड्यावरच्या हिशेबानं ती चौसष्टाव्या भागावर येते. पंखा मात्र होता तेवढाच राहतो. त्यात मोबाइल स्वतःच शहाणपणा करतो : बोलणं हळू येतंय असं दिसलं की आवाज आपोआप वाढवतो, आणि बोलण्याबरोबर घरघरही वाढते. सहा फुटांवर पन्नास हजारांचा माईक ठेवला तरी तो पंखाच स्वच्छ ऐकवील.

कॉलर माईकचं सगळं काम हेच आहे, तो तोंडाजवळ राहतो आणि हात मोकळे ठेवतो. इंग्रजीत त्याला लॅव्हेलिअर म्हणतात. तो शब्द मुळात गळ्यातल्या लोलकाचा. १९५०च्या दशकात टीव्हीवर बोलणारी माणसं असा माईक खरंच गोफासारखा गळ्यात अडकवत, कारण तो चांगला अंगठ्याएवढा जाड असे. तो लहान झाला तो इलेक्ट्रेट माईकमुळे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी १९६२ साली तो तयार केला. आज तुमच्या-माझ्या मोबाइलपासून कानात घालायच्या यंत्रापर्यंत त्याच जातीचे माईक किंवा त्यांचे वंशज बसलेले असतात. म्हणजे पाचशे रुपयांच्या आणि तीस हजारांच्या कॉलर माईकमध्ये मूळ युक्ती बहुतेक वेळा एकच असते.

मग फरक कशाचा? सिनेमावाले सॅन्केनचा सीओएस-११डी किंवा डीपीएचा ४०६० वापरतात. नुसतं बोंडूक आणि तार, तीस हजारांच्या पुढे. मी हे भाड्यानं घेऊन वापरले आहेत. कपड्याखाली लपवले तरी त्यांच्यात शब्द उघडा ऐकू येतो, मागची सुरसुर फार कमी असते, तार वर्षानुवर्षं टिकते. ज्याला माईक कपड्यात लपवायचाच आहे, त्याला हा खर्च समजू शकतो. फळ्यासमोर उभ्या राहून शिकवणाऱ्या बाईला माईक दिसला तर काय बिघडतं? उलट मुलींना वाटेल, आपल्या ताईंनी आपल्यासाठी नीट तयारी केली आहे.

आता कपड्यांचं. माईकची माहिती देणारे बहुतेक जण शर्ट घातलेला पुरुष डोळ्यांसमोर ठेवून बोलतात : दुसऱ्या बटणापाशी क्लिप लावा, झालं. आपल्या घरांतल्या बायकांच्या अंगावर ओढणी असते, स्कार्फ असतो, बुरखा असतो. तिथे हे गणित चालत नाही, आणि निम्मे माईक ‘खराब’ ठरतात ते इथेच.

मी २६ वर्षं मिरजेत लग्नाचं शूटिंग करतो. जनान्यात जाणं माझं काम नव्हे, म्हणून पहिल्यापासून माझी पत्नीच तिकडचा कॅमेरा सांभाळते आणि बायकांना माईकही तीच लावते. पुढचं शहाणपण तिचं आहे, माझं नाही.

स्कार्फच्या आत, कुर्त्याच्या पट्टीला माईक लावला की दोन गोष्टी होतात. कापड स, श, त, फ असले बारीक, धारदार आवाज खातं आणि शब्द गोधडीतून आल्यासारखा येतो. शिवाय मान हलली की कापड माईकवर घासतं, ‘खर्र खर्र’. म्हणून माईक कापडाच्या बाहेर हवा. स्कार्फची पिन जिथे लागते त्याच्या थोडं खाली, हनुवटीपासून एक वीत, छातीच्या मधोमध. मधोमध यासाठी की एका बाजूला लावला तर मान दुसरीकडे वळताच आवाज पडतो. सुती किंवा व्हॉइलचा स्कार्फ बरा. जॉर्जेट, क्रेप, सॅटिन स्वतःच कुरकुरतात. नकाब असेल तर माईक नकाबाच्या खालच्या कडेच्याही खाली लावावा, कापड त्याला शिवणार नाही असा. एक पातळ पदर तोंडावर असला तर आवाज फारसा अडत नाही. कापड घासलं तर मात्र काही उपाय राहत नाही.

क्लिप लावली की तार लोंबती ठेवू नका. क्लिपपाशीच तारेचा एक छोटा फास करून तो मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीनं आतून चिकटवा. म्हणजे ओढ बसली तर ती फासावर बसते, माईकपर्यंत जात नाही. बहुतेक कॉलर माईक चारी बाजूंनी सारखंच ऐकतात, त्यामुळे तो उलटा, तोंड खाली करून लावला तरी चालतो. बोलताना प, फ, भ म्हणताना माईकवर फुंकर बसते, ती मग टळते. काचेच्या बांगड्या आणि गळ्यातली साखळी रेकॉर्डिंगपुरती काढून ठेवा. फळ्यावर लिहिताना बांगड्यांची किणकिण आपल्याला कळत नाही, ऐकणारीला कळते.

पुरुषांचंही एक सांगतो. लांब दाढी असेल तर माईक दाढीच्या टोकाच्या खाली घ्या. दाढी माईकवर घासल्याचा आवाज अगदी झाडू मारल्यासारखा येतो. एका मौलवीसाहेबांचं सबंध भाषण मी असं झाडूसह रेकॉर्ड केलेलं आहे.

हल्ली काही माईकना क्लिपऐवजी लोहचुंबक असतं. कापडाला भोक पडत नाही, सोयीचं आहे. पण घरातल्या ज्या बुजुर्गांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांच्या छातीवर ते लावू नका.

आता वायरचा की बिनवायरचा. भाचीच्या मनात वायरलेसच होता. सगळे तोच लावतात, मोबाइलवर रोज तोच दिसतो. मी तिला माझी एक जुनी गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही.

२०११ सालचं लग्न. निकाहच्या आधी वधूची संमती घ्यायला वकील आणि दोन साक्षीदार आतल्या खोलीत जातात. त्या लग्नात वकील म्हणून वधूचे वडीलच जाणार होते. मी त्यांच्या शेरवानीला वायरलेसचा कॉलर माईक लावला, डबी खिशात ठेवली. आत माझी पत्नी कॅमेरा घेऊन. वडिलांनी मुलीला विचारलं, मेहरची रक्कम सांगितली, विचारताना त्यांचा आवाज कापला. खोलीतल्या सगळ्या बायका रडल्या, असं पत्नीनं मला नंतर सांगितलं. तिलाच सांगावं लागलं, कारण टेपवर ते नव्हतं. डबीतला सेल त्याआधी केव्हा तरी संपला होता. टेपवर त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाजाच्या जागी सूऽऽ.

हेडफोन त्या काळी आम्ही वापरत नव्हतो. पत्नीच्या कानाला हेडफोन असता तर तिला तिथल्या तिथे कळलं असतं. मिरजेत आमच्या घरापासून थोड्या अंतरावर सतार बनवणाऱ्यांची गल्ली आहे. तिथे कारागीर जव्हारी काढताना हाडाचा तुकडा एकदा घासतो आणि दहा वेळा तार छेडून ऐकतो. मी त्या गल्लीतून रोज जायचो आणि ऐकल्याशिवाय रेकॉर्ड करायचो.

आठ महिन्यांनी ते गृहस्थ वारले. चाळिसावा झाल्यावर मुलगी आणि तिचा नवरा माझ्याकडे आले. तिला ती टेप हवी होती. तेवढंच, बाकी लग्न नको म्हणाली. मी तिला खरं काय ते सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा पिऊन गेली.

तेव्हापासून मी माईक घेताना एकच विचारतो : हे काम पुन्हा करता येणार आहे की नाही? निकाह पुन्हा होत नाही. नव्वदीतल्या दादीजान जे आज सांगतील ते उद्या सांगतीलच असं नाही. अशा कामाला जास्त पैसे घालावेत, आणि ते चांगल्या आवाजासाठी नव्हे तर दुसऱ्या प्रतीसाठी. हल्लीच्या काही वायरलेस संचांत छातीवरच्या डबीतच रेकॉर्डिंग होतं. मोबाइलपर्यंत आवाज पोचला नाही तरी डबीत तो राहतो. ‘रोड’ कंपनीच्या वायरलेस गो-२ मध्ये ही सोय आहे. २०२४ साली आलेल्या डीजेआय माईक-२ मध्ये १४ तासांपर्यंतचं रेकॉर्डिंग डबीत मावतं, आणि कुणी एकदम मोठ्यानं बोललं तरी फाटलेला आवाज नंतर बराचसा सावरता येतो. आज मी लग्नाला असाच संच वापरतो. सगळ्या वायरलेसमध्ये ही सोय नसते. लहान आणि स्वस्त संचांत तर बहुधा नसतेच, म्हणून दुकानात हेच पहिलं विचारा.

पण भाचीचा पाठ चुकला तर ती दुसऱ्या दिवशी परत घेऊ शकते. तिला दुसऱ्या प्रतीसाठी दहा-पंधरा हजार का मोजायचे? शिवाय वायरलेसचे स्वतःचे नखरे असतात. घरगुती संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या रस्त्यानं जातात त्याच रस्त्यानं. पाचशे मोबाइल असलेल्या हॉलमध्ये त्याची कोंडी होते. माणसाच्या शरीरातलं पाणीही ही लहर अडवतं, म्हणून डबी छातीवर लावून फळ्याकडे तोंड केलं की मोबाइलकडे पाठ होते आणि आवाज तुटायची शक्यता असते. डबीचं वजन साधारण तीस ग्रॅम. ती पातळ ओढणीला लावली की ओढणी खाली ओढली जाते, मग हात सारखा ओढणीकडे. ज्यांना वायरलेसच घ्यायचा आहे त्यांनी डबी कमरेला लावून तिच्यात वेगळा छोटा कॉलर माईक जोडावा. पुष्कळ डब्यांना तशी खाच असते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो : ब्लूटूथचे कानातले माईक म्हणून वापरू नका. ते फोनवर बोलण्यासाठी असतात, व्हिडिओत आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

मुंबईला नात्यात वलीमा होता. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅमिंग्टन रोड गाठला. ग्रँट रोड स्टेशनजवळचा हा रस्ता ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी एवढंच समजावं की तारेचा तुकडा ते कॉम्प्युटर, विजेवर चालणारं काहीही तिथे मिळतं, आणि प्रत्येक दुकानदार आपल्याकडचाच माल खरा असं सांगतो.

पहिल्या दुकानात भाचीनं “प्रोफेशनल माईक दाखवा” म्हणताच काउंटरवर तीन खोके आले. सगळे वायरलेस, सगळे चकचकीत. एकात बटण दाबलं की मागचा आवाज नाहीसा होतो असं दुकानदार कौतुकानं सांगत होता. मी माझा हेडफोन काढला आणि भाचीला म्हटलं, “बेटा, तुझा धडा म्हण.” ती म्हणाली, “प्रकाशाचे अपवर्तन. प्रकाशाचे परावर्तन.” आम्ही ऐकलं. बटण बंद असताना रस्त्यावरचे हॉर्न होते, पण शब्द होते. बटण दाबल्यावर हॉर्न गेले आणि त्यांच्याबरोबर ‘अपवर्तन’चा ‘अ’ही गेला. भाची माझ्याकडे पाहून हसली. जो आजार घेऊन आम्ही मिरजेहून आलो होतो तोच आम्हाला विकत दिला जात होता.

म्हणून सांगतो, दुकानात जाताना आपला मोबाइल आणि आपला हेडफोन घेऊन जा. आपल्या रोजच्या कामातलं वाक्य बोलून बघा. ऐकू द्यायला तयार नसेल तो दुकानदार सोडा. आणि खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. नामांकित नावाच्या नकला तिथे ढिगानं मिळतात. पक्कं बिल आणि वॉरंटी देणाऱ्याकडून दोनशे रुपये जास्त देऊन घेतलेला माल शेवटी स्वस्त पडतो.

तिसऱ्या दुकानात आम्ही बोयाचा बीवाय-एम१ घेतला. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा, वायरचा, सहा मीटर लांब तारेचा. त्याच्या डबीवर एक खटका असतो : एका बाजूला मोबाइल, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. कॅमेऱ्याला लावायचा असेल तर आत एलआर४४ हा बटन सेल लागतो, मोबाइलला लावताना लागत नाही. हा जगातला उत्तम माईक आहे असं मी म्हणत नाही. तार जाडीभरडी आहे, क्लिप पहिल्या वर्षात तुटते, हळू बोलणाऱ्याच्या मागे थोडी सुरसुर येते. पण तो हनुवटीखाली एका वितीवर राहतो, आणि शिक्षिकेचा आवाज काही हळू नसतो.

इथे एक खाचखळगा आहे, त्यात पुष्कळ जण पडतात. माईकची पिन नीट पाहा. तिच्यावर काळ्या रेघा असतात. दोन रेघा असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, तीन असतील तर मोबाइलची. दोन रेघांची पिन मोबाइलला लावली तर बहुतेक मोबाइल तिला हेडफोन समजतो आणि आपलाच माईक चालू ठेवतो. आपण छातीवर माईक लावून खुशीत बोलतो आणि रेकॉर्डिंग होतं सहा फुटांवरून. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे रेकॉर्डिंग चालू करून छातीवरच्या माईकवर नखानं हळूच टिचकी मारावी, मग मोबाइलवर मारावी. ऐकताना कोणती टिचकी मोठी आली ते पाहावं.

भाचीच्या मोबाइलला गोल भोक नाहीच, नुसतं टाइप-सी आहे. म्हणजे मध्ये अडॅप्टर आला. काही अडॅप्टर फक्त ऐकण्याचे असतात, माईकचा आवाज आत नेत नाहीत. काही एका मोबाइलवर चालतात, दुसऱ्यावर नाही. आम्ही तीन लावून पाहिले, तिसरा चालला. त्यातही मोबाइलचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माईक घेईना. मग ‘ओपन कॅमेरा’ नावाचं फुकट ॲप टाकलं, त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा माईक निवडला, तेव्हा काम झालं. या खटपटीत तासभर गेला. ती घरी करायची नसते, दुकानातच करायची असते.

माईक, अडॅप्टर आणि एक बऱ्यापैकी वायरचा हेडफोन असा सगळा खर्च अडीच हजारांच्या आत बसला. भाची थोडी नाराज दिसली. बारा हजारांची तयारी करून आलेल्या माणसाला अडीच हजारांत मोकळं झाल्याचा आनंद लगेच होत नाही. “मामू, नक्की चालेल ना?” असं तिनं गाडीत दोनदा विचारलं.

उरलेल्या पैशांतून काय करायचं ते मी तिला घरी गेल्यावर दाखवलं. खोलीत टाळी वाजवली की पत्रा आणि भिंती तिचं उत्तर देत होत्या. ते उत्तर पाठातही येत होतं. मोबाइलच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे ती ज्या दिशेला तोंड करून बोलते तिथे, नानीच्या दोन जाड गोधड्या खिळ्यांना टांगल्या. कपाटावर जुनी सतरंजी सोडली. यात पैसे गेलेच नाहीत. खर्च केला तो खिडकीच्या जाड पडद्यावर आणि एका टेबलफॅनवर. तो दाराबाहेर ठेवायचा, रेकॉर्डिंग थांबलं की लावायचा. छताचा पंखा पाठ चालू असेतो बंद. मे महिन्यात हे जमणार नाही, हे मलाही कळतं. मे महिन्यात तिनं पहाटे रेकॉर्ड करावं.

पलीकडच्या खोलीतल्या फ्रिजचं गुरगुरणं हेडफोनमध्ये ऐकू आलं. तो बंद करायला माझी बहीण तयार होईना, “मग चालू करायला विसरता तुम्ही, दूध नासतं.” यावर शूटिंगवाल्यांची एक जुनी युक्ती आहे : फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, फ्रिज उघडावाच लागतो. भाचीनं आता स्कूटीची किल्ली दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवायला सुरुवात केली आहे. अजानची वेळ आणि कुकरची वेळ तिनं आधीच वहीत लिहून ठेवलेली असते, त्या दोहोंच्या मधे तिचा पाठ.

पत्रं पाठवणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. शिवणकाम दाखवणारीनं मशीनपासून माईक लांब राहील असं पाहावं. मशीन चालवताना बोलू नये, थांबून बोलावं. स्वयंपाकघरातल्या भगिनीला वायर चुलीपाशी नकोच, तिच्यासाठी मात्र वायरलेस योग्य, डबी पाठीमागे कमरेला. गणिताच्या गुरुजींना वायरचा पुरेल. आणि ज्यांना घरातल्या बुजुर्गांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत त्यांनी वायरचा माईक लावावाच, वर शेजारी दुसरा मोबाइल नुसता आवाज रेकॉर्ड करत ठेवावा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही आवाज नंतर जुळवता येतात. दुसऱ्या मोबाइलला काही खर्च नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा तिच्याकडे गेलो होतो. अपवर्तनाचा पाठ ती नव्यानं घेत होती. स्कार्फच्या पिनेखाली माईक, तार कमरेवरून मागे, टाचेपाशी चिकटपट्टीनं जमिनीला लावलेली. हेडफोन माझ्या कानाला. पहिल्या वाक्यातला ‘अ’ स्वच्छ आला. ग्लासातल्या पाण्यात पेन्सिल तिरकी दिसते ते सांगताना तिनं ग्लास टेबलावर ठेवला, त्याचा ‘टक’ही आला, तो तसाच राहू दिला. अपवर्तनांकापर्यंत पोचलो आणि पत्र्यावर पाऊस सुरू झाला. त्याला गोधडी पुरत नाही. तिनं खडू ठेवला, बहिणीनं चहा टाकला, पाऊस थांबायची वाट पाहत आम्ही तासभर बसलो. तो थांबला नाही. उरलेला पाठ तिनं मंगळवारी पहाटे पूर्ण केला आणि मला पाठवला. मी तो रात्री, मोबाइलचा आवाज अगदी बारीक ठेवून ऐकला.